कान तुटलेल्या कपाचे भाषांतर

गेली बावीस वर्षे मी कागदपत्रांची भाषांतरे करते. खरेदीखते, मृत्युपत्रे, जबाब, दाखले, तक्रारअर्ज असे जे येईल ते मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत नेणे हे माझे काम. या कामात अवघड शब्द फारसे अडवत नाहीत, कारण त्यांच्यासाठी कोश असतात आणि परिभाषा ठरलेली असते. अडवतात ते साधे शब्द, ज्यांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे अशी आपली पक्की समजूत असते. ‘डिमीन’ हे इंग्रजी क्रियापद मी शाळेत ‘अपमान करणे’ एवढ्यावर पाठ केले होते. तो अर्थ किती तोकडा आहे हे मला एका तक्रारअर्जामुळे कळले.

काही वर्षांपूर्वी एका खाजगी कार्यालयात चौदा वर्षे शिपाई म्हणून काम करणाऱ्या एका बाई माझ्याकडे आल्या. कार्यालयात सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांचा अर्ज फुलस्केप कागदाच्या दोन्ही बाजूंना बॉलपेनने लिहिलेला होता, आणि मुख्य कार्यालय परराज्यात असल्यामुळे तो इंग्रजीत हवा होता. अर्जाचा विषय एक कप होता. कार्यालयात चहासाठी निळ्या काठाचे पांढरे कप होते आणि मावशींचा कप तेवढा निराळा होता. त्याचा कान तुटलेला होता आणि तो मोरीशेजारच्या खिडकीत पालथा घातलेला असे. ‘याच कपातून प्या’ असे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. त्या कामाला लागल्या त्या दिवशी चहा त्या कपात आला आणि पुढे तसाच येत राहिला. एकदा कार्यालयात नवे कप आणले गेले. मावशींनी त्यांतला एक घेऊन चहा प्यायला, विसळला आणि फडताळात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नवा कप त्यांना खिडकीत, कान तुटलेल्या कपाच्या शेजारी, तसाच पालथा घातलेला दिसला. कोणी चकार शब्द काढला नव्हता.

असे का घडले असावे याबद्दल त्यांनी अर्जात काहीही लिहिले नव्हते, आणि ते लिहिण्याची गरजही नव्हती. शेवटी तीन छोटी वाक्ये होती : ‘मला कोणी वाईटसाईट बोलले नाही. मला कोणी शिवी दिली नाही. पण मला कमीपणा आणला.’

पहिल्या मसुद्यात मी तिसऱ्या वाक्यासाठी ‘इन्सल्ट’ हे क्रियापद वापरले. मग अर्जाला जोडलेला कार्यालयाचा आधीचा खुलासा वाचला. त्यात एकच मुद्दा वेगवेगळ्या शब्दांत मांडलेला होता, तो म्हणजे कोणाचाही अपमान करण्याचा हेतू नव्हता आणि तशी भाषा कोणीही वापरलेली नाही. हा खुलासा खोटा होता असे मला म्हणता येत नाही. अपमानाच्या आरोपाला ते पुरेसे उत्तरही होते. परंतु मावशींनी अपमानाचा आरोप केलाच नव्हता. त्यांनी शिवी नाही, बोलणे नाही असे स्वतःच सांगून तो शब्द बाजूला ठेवला होता, आणि मी मात्र भाषांतरात तोच परत आणून बसवला होता. समोरच्याला आयते उत्तर मिळावे असा शब्द मी अर्जदाराच्या तोंडी घातला, याची मला त्या रात्री फार बोच लागली.

मराठीत मानहानीच्या शब्दांची काही कमी नाही. अपमान, अवमान, उपमर्द, अधिक्षेप, अवहेलना, मानखंडना, तेजोभंग हे पुस्तकी, तर पाणउतारा करणे, लायकी काढणे, चारचौघांत मान खाली घालायला लावणे हे बोलण्यातले. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. पाणउतारा तोंडाने केला जातो आणि बहुधा वरच्याकडून खालच्याचा केला जातो. त्यातले पाणी म्हणजे मोत्याचे असते तसे तेज. लायकी काढायला ती उघडपणे बोलून दाखवावी लागते. ‘मान’ या शब्दाची तर गंमतच आहे : आपण राखतो तो मान पुल्लिंगी, आपण खाली घालतो ती मान स्त्रीलिंगी, आणि दोन्ही शब्द मुळात वेगळे असूनही एक गेला की दुसरी झुकते हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. या सगळ्यांत ‘कमीपणा आणणे’ हा प्रयोग निराळा आहे, कारण त्यात ना बोलणे आहे, ना ओरडणे, ना लोकांची गर्दी. माणसाला त्याच्या मोलापेक्षा उणे धरून वागवले, एवढेच तो सांगतो. ‘डिमीन’चा आजचा अर्थ नेमका हाच आहे.

त्याच्या शेजारची इंग्रजी क्रियापदे तपासली की हे जास्त स्पष्ट होते. ‘इन्सल्ट’ बहुधा शब्दाने किंवा खुणेने होतो आणि तो बरोबरीच्या माणसाचा, इतकेच काय वरच्या माणसाचाही करता येतो. ‘ह्युमिलिएट’मध्ये ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याची शरम आणि बहुतेक वेळा पाहणाऱ्यांची नजर असते. आपल्याकडच्या १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमात अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला अपमानित करण्याबद्दल जो खंड आहे, त्यात हे क्रियापद येते, आणि तिथे मानहानीचा हेतू आणि लोकांच्या दृष्टीस पडेल अशी जागा या दोन्ही गोष्टी सोबत येतात. ‘डिमीन’ला यांतले काहीच अपरिहार्य नाही. बेशुद्ध रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून ‘आता हे काय उपयोगाचे’ असे कोणी बोलले, तर रुग्णाला ते ऐकूही गेलेले नसते. त्याला अपमान वाटला असे म्हणता येत नाही, पण त्याला कमीपणा आणला असे खात्रीने म्हणता येते. डेबोरा हेलमन या अमेरिकन कायदे-अभ्यासक भेदभावाचा अन्याय नेमका या क्रियापदाने मांडतात : समोरच्याला काय वाटले किंवा करणाऱ्याच्या मनात काय होते यावर तो ठरत नाही, माणसाला कमी मोलाचा म्हणून वागवणे आणि तसे वागवण्याइतकी सत्ता हातात असणे यावर ठरतो. शिपायाने रागाच्या भरात साहेबांना टाकून बोलले तर साहेबांचा अपमान होतो; साहेबांना कमीपणा आणण्याची ताकद शिपायाच्या हातात क्वचितच असते.

या शब्दांच्या मुळांत शिरले की बहुतेक इंग्रजी क्रियापदे माणसाला खाली आणणारीच निघतात. ‘डिग्रेड’मध्ये लॅटिन ‘ग्रादुस’ आहे, म्हणजे पायरी. ‘ह्युमिलिएट’मध्ये ‘हुमुस’ आहे, म्हणजे जमीन, माती. आणि ‘डिमीन’च्या पोटात ‘मीन’ आहे, ज्याचा जुन्या इंग्रजीतला अर्थ फक्त ‘सर्वांचे, सामाईक’ असा होता. जे सर्वांचे ते साधे, साधे ते सामान्य, सामान्य ते हलके, अशी त्या शब्दाची घसरण होत गेली. ‘सर्वांचे’ या अर्थाचा शब्द ‘क्षुद्र’ या अर्थापर्यंत पोचावा, याचे मला वाईट वाटते.

परंतु ‘डिमीन’ची खरी अडचण अशी की हे एक क्रियापद नसून दोन आहेत, आणि दोघांचे स्पेलिंग आणि उच्चार अगदी एक आहे. थोरले क्रियापद जुन्या फ्रेंचमधून आले. त्याचा धागा ‘मने’ म्हणजे नेणे, चालवणे, आणि त्याच्याही मागे गुरे हाकण्याच्या लॅटिन शब्दापर्यंत जातो. स्वतःला चालवणे म्हणजे वागणे, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यात चांगलेवाईट काही नाही. ‘डिमीनर’ म्हणजे वागण्याची ढब आणि ‘मिसडिमीनर’ म्हणजे गैरवर्तन, किरकोळ गुन्हा, हे दोन्ही त्याचेच वंशज. आपल्या दिवाणी न्यायालयात साक्षीदाराच्या वागणुकीबद्दल न्यायाधीशाला नोंद करता येते ती ‘डिमीनर’ची, आणि तिचा कमीपणाशी काडीचाही संबंध नाही. धाकटे क्रियापद सतराव्या शतकाच्या तोंडाशी ‘डिबेस’ म्हणजे हलके करणे, या क्रियापदाच्या धर्तीवर इंग्रजीतच घडवले गेले. शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये एक गणिका अँटिफोलसबद्दल म्हणते की हा वेडाच झाला असला पाहिजे, एरवी हा स्वतःला असे ‘डिमीन’ करता ना. इथे ‘असे वागता ना’ हेही बसते आणि ‘इतका खाली येता ना’ हेही बसते, आणि नवा अर्थ जुन्या शब्दात कसा शिरला असेल हे या एका ओळीत दिसते. १५९४ साली हे नाटक लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत झाल्याची नोंद आहे. पुढे याच ग्रेज इनमधून डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले, हे आठवल्याशिवाय मला ती नोंद वाचता येत नाही.

मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाभोवती फिरतात, आणि तो शब्द म्हणजे पायरी. ‘पायरीने वाग’ हे थोरले ‘डिमीन’ झाले आणि ‘पायरी सोडणे’ हे धाकटे. ‘त्याच्या पत्राला उत्तर देऊन मी स्वतःला डिमीन करणार नाही’ या वाक्याचे ‘त्याला उत्तर देऊन मी माझी पायरी सोडणार नाही’ यापेक्षा सरस मराठी मला आजवर सुचलेले नाही. फक्त मराठीतल्या ‘पायरीने वाग’ या वाक्याला एक काटा आहे. ते वाक्य बहुतेक वेळा वरून खाली सांगितले जाते, आणि ज्याला सांगितले जाते त्याला सांगण्यातूनच कमीपणा येतो. पंढरपूरच्या महाद्वारातली नामदेवांची पायरी याच्या अगदी उलट आहे. तिथे खालची जागा स्वतः मागून घेतली, येणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून. त्याच महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, आणि ज्यांना जिवंतपणी देवळाची पायरी चढू दिली नाही त्यांची जागा त्यांनी स्वतः निवडलेली नव्हती. आपण होऊन पत्करलेली लीनता आणि दुसऱ्याने लादलेला कमीपणा या दोन गोष्टी त्या अंगणात इतक्या जवळजवळ आहेत की डोळे मिटून वाकणाऱ्याला त्यांतला फरक दिसू नये. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘हम्बल’ हे क्रियापद स्वतःला लावून वापरतात, दुसऱ्यासाठी ‘डिमीन’. भाषांतरात यांची अदलाबदल झाली तर संतांना लाचार ठरवल्याचे किंवा अन्यायाला नम्रता म्हटल्याचे पाप पदरी पडते.

थोरल्या क्रियापदाकडून धाकट्याकडे झालेला प्रवास अमेरिकेच्या सरकारी कागदपत्रांत फार स्वच्छ दिसतो. १७९० साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी न्यूपोर्टच्या ज्यू समाजाला पत्र लिहिले. त्यात ते म्हणतात की जे या सरकारच्या संरक्षणाखाली राहतात त्यांनी चांगले नागरिक म्हणून स्वतःला ‘डिमीन’ करावे, एवढीच सरकारची अपेक्षा आहे. आजच्या वाचकाला हे वाक्य भयंकर वाटेल, पण त्याचा अर्थ ‘चांगल्या नागरिकांसारखे वागावे’ एवढाच आहे, आणि ते पत्र धर्मस्वातंत्र्याचा गौरव करणारे आहे. त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलांसाठी घातलेल्या शपथेतही हेच क्रियापद याच अर्थाने होते : वकिलाने सरळपणे आणि कायद्याला धरून स्वतःला ‘डिमीन’ करावे.

आता २००३ साल पाहा. समलिंगी व्यक्तींच्या खाजगी संबंधांना गुन्हा ठरवणारा टेक्सास राज्याचा कायदा त्याच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, आणि निकालपत्रात न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिले की त्यांचे खाजगी वर्तन गुन्हा ठरवून राज्याला त्यांचे अस्तित्व ‘डिमीन’ करता येणार नाही. विवाहाच्या हक्कासंबंधीच्या २०१३ आणि २०१५ च्या निकालांतही त्यांनी हे क्रियापद पुन्हा वापरले. २१३ वर्षांत शब्दाचा अर्थ बदलला, आणि त्याबरोबर कर्ता आणि कर्म यांची जागाही बदलली. १७९० मध्ये नागरिकाने स्वतःला कसे चालवावे हे राज्य सांगत होते. २००३ मध्ये नागरिकाला कमीपणा आणणारा कर्ता स्वतः राज्यच असू शकते, आणि तसे करण्याची त्याला मुभा नाही, असे न्यायालय म्हणत होते. व्याकरणाच्या तासाला मुले कर्ता-कर्म ओळखण्याचा कंटाळा करतात तेव्हा ही दोन वाक्ये त्यांच्यापुढे ठेवावीत असे मला वाटते.

आपल्या संविधानाच्या इंग्रजी प्रतीत हे क्रियापद माझ्या वाचण्यात आलेले नाही, पण त्याचा अर्थ जिथे आहे तिथले मराठी भाषांतर मला फार आवडते. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये आली. त्यांत स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाधक प्रथा सोडून देण्याचे कर्तव्य आहे, आणि त्या प्रथांना इंग्रजीत ‘डेरोगेटरी’ म्हटले आहे. संविधानाच्या मराठी प्रतीत तिथे ‘प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा’ असे शब्द आहेत. लॅटिनमध्ये त्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ कायद्यातला काही भाग काढून घेणे, म्हणजे वजा करणे असा होता. त्यामुळे ‘उणे’ हा शब्द तिथे सराफाच्या काट्यावर तोलून ठेवल्यासारखा आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर हीच कर्तव्ये सोप्या मराठीत छापलेली असतात आणि तिथे ‘कमीपणा आणतील अशा प्रथा’ असे म्हटलेले आहे. मावशींनी अर्जात वापरलेला शब्द त्यांच्या नातवाच्या पुस्तकात छापलेला होता, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

वापराबद्दल दोन-तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण चुका तिथेच होतात. या क्रियापदाला कर्म लागते. कोणाला तरी, कशाला तरी कमीपणा आणावा लागतो, आणि ते कर्म माणूसच असले पाहिजे असे नाही, पद, संस्था, स्मृती यांनाही ते चालते. ‘त्याचा डिमीनर डिमीनिंग आहे’ अशी वाक्ये मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत पाहिली आहेत. तिथे दोन्ही क्रियापदे एकमेकांच्या अंगावर पडलेली असतात. शेवटची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘डिमीनिंग वर्क’ या शब्दप्रयोगाचे आपण सरसकट ‘हलके काम’ असे भाषांतर करतो. हलकेपणा मग कामाला चिकटतो, आणि कामाला चिकटलेली गोष्ट करणाऱ्याच्या अंगाला लागायला वेळ लागत नाही. कप विसळणे हे हलके काम नाही. माझ्या घरी मी रोज ते करते. कप विसळणाऱ्या व्यक्तीसाठी खिडकीत वेगळा कप ठेवणे हे तिला कमीपणा आणणारे आहे. म्हणून मी तो प्रयोग ‘कमीपणा आणणाऱ्या परिस्थितीत करावे लागणारे काम’ असा लांबलचक लिहिते. संपादकांना तो आवडत नाही, तरीही मी तो बदलत नाही.

मावशींच्या अर्जात मी ‘इन्सल्ट’ खोडून ‘डिमीन’ घातले : त्यांनी मला डिमीन केले. आठ दिवसांनी त्या सही करायला आल्या. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी त्याचा अर्थ ऐकवायचा हा माझा नेम आहे, म्हणून मी एकेक वाक्य वाचून त्याचे मराठी सांगत गेले. शेवटच्या वाक्याशी आले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले.

‘मॅडम, याचा अर्थ मी कमी झाले असा होतो का?’

मी म्हणाले, ‘मावशी, तुम्हीच लिहिलंय ना, कमीपणा आणला म्हणून?’

‘आणला म्हणजे त्यांनी आणला. त्यांच्याकडून. मी कुठं कमी झाले? चौदा वर्षं एक खाडा नाही माझा.’

मी पेन खाली ठेवले. त्यांनी नेमक्या त्या ठिकाणी बोट ठेवले होते जिथे या क्रियापदाचा अर्थ दुभंगतो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे पहिलेच कलम सांगते की सर्व माणसे प्रतिष्ठेने समान जन्माला येतात. प्रतिष्ठा जर जन्माने प्रत्येकाजवळ असेल आणि कोणी दिलेली नसेल, तर ती कोणाला कमी करता कशी येईल? कोशात मात्र ‘प्रतिष्ठा कमी करणे’ असाच अर्थ दिलेला असतो, आणि क्रियापद साध्या भूतकाळात घातले की कृती पूर्ण झाली, परिणाम घडून गेला असा भास होतो. मराठीतला ‘आणला’ त्या मानाने शहाणा आहे. आणलेली वस्तू घ्यायची की नाही हे ज्याच्यासाठी आणली त्याच्या हाती राहते.

मी ते वाक्य खोडले आणि त्याखाली नवे लिहिले, ज्यात ‘डिमीन’ हे क्रियापद राहिले नाही. ‘त्यांनी मला वागवले’ हे मुख्य वाक्य झाले आणि ‘डिमीनिंग’ हे त्या वागवण्याच्या रीतीचे विशेषण झाले. मावशींना मी त्याचे मराठी सांगितले : त्यांनी माझ्याशी कमीपणा आणणारी वागणूक केली. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले, ‘आता बरोबर’ म्हणाल्या, आणि सही करण्यासाठी पिशवीतून आपला चष्मा काढला.